गुरुवारी दुपारचा आवाज

दिघी,
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

चि. मिनल हिस,
अ. उ. आ. आणि सप्रेम जयभीम.

जगात अन्याय पुष्कळ झाले, पण टीव्हीची सगळी भोकं टीव्हीच्या पाठीला देणाऱ्या माणसावर अजून कुणी खटला भरलेला नाही, याची मला आज अतोनात खंत वाटते. टीव्ही भिंतीवर ठोकायचा, भिंत आणि पाठ यांच्यात दोन बोटांची फट ठेवायची आणि मग गिऱ्हाइकाला हसतमुखानं सांगायचं की वायर मागून लावा. मी पाल असतो तर लावली असती. मी पडलो चाकणच्या कंपनीत क्वालिटी बघणारा एक्कावन्न वर्षांचा ब्रह्मचारी. उजव्या मनगटाचं सालटं निघालंय, मलम लावून लिहितोय, म्हणून अक्षर असं.

हा उपद्व्याप कशासाठी, ते तुला ठाऊक आहे. आईला टीव्ही ऐकू येत नाही, म्हणून ती आवाज साठावर नेते. साठावर नेला की खालचे दौलतराव काठीनं छत ठोकतात. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, ठोकण्यातही कवायत. कानाचं यंत्र आईला शिट्टी मारतं, म्हणून ते साखरेच्या जुन्या डब्यात पेन्शन खातंय. कानाच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की हिचे बारीक आवाज गेलेत, जाड शिल्लक आहेत. बोलणं ऐकू येतं, पण शब्द विरघळल्यासारखे होतात. तेव्हा मी ठरवलं, सहा महिन्यांसाठी कंपनी मला गुजरातच्या प्लांटवर हाकलायच्या आत हिला एक साउंडबार घ्यावा. लांबट काळी पट्टी आणि सोबत धमधम करणारा एक खोका.

पट्टीची वायर टीव्हीत घालायला तीन सारखी भोकं. त्यातल्या एकाच भोकातून आवाज बाहेर येतो. त्याच्यावर बारीक अक्षरात एआरसी लिहिलेलं असतं, आणि ते वाचायला डोकं फटीत घालावं लागतं. माझं डोकं मापात बसत नाही. अर्धा दिवस मी भलत्याच भोकाशी संसार केला. शेवटी पट्टी मेलीय की जिवंत आहे हे बघायला तिला ब्लूटूथनं माझा फोन जोडला. आत बसलेली एक बाई इंग्रजीत म्हणाली की जोडलं. मी खूश झालो आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेलो.

आता नीट वाच. आईला पहिल्या तारखेपासून तुझ्याकडे ठेवायचं विचारलं होतं, त्याला तुझी व्हॉइस नोट तेव्हाच आली. मी ती लावली. फोनमधून आवाज येईना. वाढवला. तरी येईना. पार वरपर्यंत वाढवला. आणि मग माझ्या लक्षात आलं, की हॉलमधून माझी बहीण बोलतेय.

तू म्हणत होतीस की दादा, आईला या खेपेला माझ्याकडे आणू नकोस. सहा महिने सोड, सहा दिवससुद्धा नको. काहीही कर, पण तिला इथे आणू नकोस. हे तू आमच्या हॉलमध्ये, त्या धमधम खोक्यातून, दौलतरावांच्या छतापर्यंत म्हणत होतीस, आणि समोर आई बसली होती. मी धावत जाऊन पट्टीचा प्लगच उपटला. मग घाबरून ती नोट फोनमधून कायमची पुसून टाकली, जणू पुसल्यानं ती आईच्या कानातूनही पुसली जाणार होती.

आई पट्टीकडे बघत बसली. मग विचारलं की मिनल होती ना ती. मी हो म्हणालो. तिनं टीव्ही बंद केला. संध्याकाळची तिची मालिका तिनं पाहिली नाही, मिनल. पाच वर्षांत पहिल्यांदा.

तिनं किती ऐकलं मला कळत नाही आणि विचारायची छाती नाही. सख्खी लेक असं म्हणते यावर मी काय बोलू? मला एक डिसेंबरला तिकडे हजर व्हायचंय. तिला एकटी ठेवणं होणार नाही. दाराची बेल तिला ऐकू जात नाही, कुकर सात शिट्ट्या मारून दमून गप्प होतो.

फोन करू नकोस. दीड खोलीच्या घरात गुपित बोलता येत नाही, कंपनीत फोन गेटवर जमा करावा लागतो, आणि माझा फोन आता घरातल्या कुठल्या वस्तूशी बोलतोय हे मला स्वतःला माहीत नाही. निरंजन रोज भोसरीच्या कॉलेजात शिकवायला जातो, तर सकाळी सिग्नलपाशी माझ्या कंपनीच्या बसथांब्यावर दोन मिनिटं थांबेल. तुझा नवरा आजपासून आपला पोस्टमन. कागदाला ब्लूटूथ नसतं.

लोभ आहे, या घडीला जरा चिडलेला आहे.

तुझा,
जयसिंग


माण,
शनिवार, ८ नोव्हेंबर

ती. दादास,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि त्यातही मनगटाच्या सालट्यावर आठ ओळी वाचाव्या लागल्या याचा राग आला. तुला कुणी सांगितलं होतं घरातलं सगळं एकमेकांना जोडायला? जी माणसं जोडलेली आहेत ती सांभाळ की.

तू नोट पुसलीस. दादा, तू ती शेवटपर्यंत ऐकलीस का? नाही ना? तू प्लग उपटलास त्याच्या पुढे बरंच होतं. मी का नको म्हणतेय ते पुढे होतं. ते मी एकदाच बोलू शकत होते, डोळे मिटून, एका दमात. आता परत बोलता येणार नाही आणि लिहिता तर मुळीच येणार नाही. एवढंच सांगते, मी आईला कंटाळून नको म्हटलेलं नाही. मला सख्खी लेक वगैरे ऐकवू नकोस. लग्नाआधी तिच्या कानाशी ओरडून बातम्या सांगायचं काम कुणाचं होतं, तू की मी?

तिनं काय ऐकलं ते आधी शोधून काढ. काहीही करून. ऐकलं नसेल तर मी काहीतरी जुळवते. ऐकलं असेल तर मी तिच्यासमोर कशी उभी राहू ते तूच सांग. दोन रात्री झोप नाही. निरंजन म्हणतो की सरळ गाडी काढून दिघीला जा. त्याला काय, त्याची आई गावाला, आणि तिला सगळं ऐकू येतं.

त्याच्याकडे शेंगदाण्याची चटणी देतेय डबाभर. आईला दे. माझ्याकडून म्हणू नकोस. नाही, म्हण माझ्याकडून. तुला वाटेल तसं कर.

लोभ चिडलेला असला तरी चालेल, बंद करू नकोस.

तुझी,
मिनल


दिघी,
गुरुवार, १३ नोव्हेंबर

चि. मिनल हिस,
अ. उ. आ.

तुझा पोस्टमन माझ्याशी डोळ्याला डोळा देत नाही. परवा बसथांब्यावर मी त्याला विचारलं की मिनलचं नेमकं काय बिनसलंय. त्यावर हा इंजिनिअरिंगचा प्राध्यापक हवेचा दर्जा आणि भोसरीचं ट्रॅफिक यांवर बोलला आणि सिग्नल लाल असताना निघून गेला. तुम्ही दोघं काय लपवताय?

आईची तपासणी केली. आमच्या कंपनीत माल पास करतात तशीच पद्धत. पट्टी त्याच जागी (टीव्हीला एकदाची जोडली), आवाज तेवढाच, आई त्याच खुर्चीत. बातम्या लावल्या आणि नंतर विचारलं की काय सांगितलं. बातमी होती पाणीकपातीची. आई म्हणाली की कुणाच्या तरी नातवाला पारितोषिक मिळालं. मी आनंदानं उडी मारायचा बाकी होतो. दुसऱ्यांदा लावलं, बाजारभाव होते. आई म्हणाली की बाई साडी चांगली नेसलीय. म्हटलं सुटलो, हिला शब्द कळत नाहीत.

पण पुढचं ऐक. सोमवारी कामावरून आलो तर माळ्यावरची निळी बॅग खाली. पंचाहत्तर वर्षांची बाई स्टुलावर चढली होती. बॅगेत लुगडी, स्वेटर, बाबांचा फोटो. मी विचारलं हे काय, तर म्हणाली की ऊन दाखवतेय. फोटोला ऊन? मंगळवारी तिनं कढीपत्त्याची कुंडी दौलतरावांना देऊन टाकली. ज्या माणसाच्या काठीला ती आठ वर्षं शिव्या घालतेय, त्याच्या दारात तासभर बसून आली. मी दौलतरावांना गाठलं. ते म्हणाले की जाईबाईंनी सांगितलंय, आता सहा महिने छत ठोकायची तसदी पडणार नाही. आणि हे सांगताना तो माणूस खूश दिसायला हवा होता, तर नव्हता.

बुधवारी ती बसचा नंबर विचारून एकटी पिंपरीला गेली, आपल्या जुन्या कॉलनीत. एकटी! हॉर्न ऐकू येत नाहीत तिला. संध्याकाळी परत आली, कुठे होतीस तर म्हणे इथंच. मी तिथल्या अंबुबाईंच्या घरी फोन लावला. अंबुबाई म्हणाल्या की आलीवती की, चहा घेतला, निवांत बोलली, आमच्या शेजारची खोली मोकळी झालीय तीबी बघितली. आता मला सांग, ही बाई कुठे निघालीय? लेकीनं नको म्हटलं, लेक निघाला परमुलखात, तेव्हा तिनं स्वतःची सोय लावली. सार्वजनिक नळाच्या त्या बोळात, जिना चढून, एकटी. तिनं शब्द न शब्द ऐकलाय.

विचारायला मी तोंड उघडतो आणि मिटतो. ती माझ्याकडे असं बघते, की मीच शाळेतून पळून आलोय. तुझी चटणी दिली. जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाली की मिक्सरात फार फिरवली, तेल सुटलं. मग एकदम मला विचारलं की आज वार कुठला. मी म्हटलं गुरुवार, माझी सुट्टी नाही का. तर म्हणाली की मला म्हाईत हाय गुरुवार हाय, तुला म्हाईत हाय का ते बघत हुते. तिचं डोकंही गेलं की काय, ही नवी काळजी.

मिनल, तुझं जे काही कारण असेल ते आता लिही. नाहीतर ये आणि तिला तोंडावर सांग. मी सतरा दिवसांत जाणार आहे आणि मी तिला त्या खोलीत सोडून जाणार नाही, नोकरी सोडीन. कंपनीला मी नसलो तरी चालतं, हे दर वर्षी पगारवाढीच्या वेळी ते मला सांगतातच.

लोभ आहे, पण उत्तर दे.

जयसिंग


माण,
रविवार, १६ नोव्हेंबर

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

नोकरी तू सोडू नकोस. घरात एकाची गेली तेवढी पुरे.

लिहिलं बघ. तीन दिवस कागद समोर होता. ऑगस्टअखेर माझी नोकरी गेली. हिंजवडीत आमच्या मजल्यावरची निम्मी टीम एका सकाळी काचेच्या खोलीत बोलावली, आणि दुपारी गळ्यातलं कार्ड गेटवर चालेना. बारा वर्षं, दादा. गेटवरचा वॉचमन मला मॅडम म्हणत उठून उभा राहायचा, त्या दिवशी तो नुसता इकडेतिकडे बघत राहिला. तू लिहिलेलं निरंजनचं बघणं तसंच आहे. त्याला बोलू नकोस, मीच त्याला शपथ घातलीय.

नोटमध्ये पुढे हे होतं. मी म्हटलं होतं की आई आली तर पहिल्याच सकाळी ओळखेल. मी डबा घेऊन खोटंखोटं बाहेर पडायचं म्हटलं, तर दिवसभर जाऊ कुठे? आणि घरात बसले तर ती बघत राहील. मी दिवसभर काय करते माहितीय? डबे घासते. चटण्या करते. मधल्या खोलीत दार लावून मुलाखती देते. पलीकडचं पोरगं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असतं, आणि आम्ही कळवू म्हणतं. त्या दाराबाहेर आई बसली असेल तर माझ्या तोंडातून शब्द फुटणार नाही.

तुला आठवत नसेल, तू तेव्हा नाशिकला आयटीआयला होतास. बाबांच्या कंपनीला टाळं लागलं, ते वर्ष मी घरात होते. आई बाबांना एका शब्दानं बोलली नाही. आणि तिच्या त्या न बोलण्याखाली बाबा रोज थोडे थोडे वाकत गेले, ते मी पाहिलंय. तीच आई आता अख्ख्या बिल्डिंगला सांगते की माझी मिनल कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठी हाय, तिला गुरुवारीसुदिक यायला होत न्हाई. तिनं मला तसं बघू नये एवढंच मला हवंय.

म्हणून तू तिला सांग की मिनलला टीव्हीचा आवाज सोसत नाही. तिला राग येऊ दे माझा. राग परवडला, कीव नको. मी तिच्यासाठी भोसरीत एखादी चांगली बाई बघते, तुझ्या घरी दिवसरात्र राहणारी. पण खरं सांगू नकोस. तुला बाबांची आण.

लोभ शिल्लक असेल तर हे पत्र फाडून टाक.

मिनल


दिघी,
शुक्रवार, २१ नोव्हेंबर

चि. मिनल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि या खेपेला ते खरोखरचे.

पत्र फाडलं. तुझी आण मात्र मोडली नाही, कारण मोडायची वेळच आली नाही. काल गुरुवार, मी घरी. ठरवलं की तू सांगितलंस ते खोटं आईसमोर ठेवायचं. खोटं बोलायला मी तिच्यासमोर बसलो, शब्द दिसावेत म्हणून तोंड उजेडाकडे केलं, आणि म्हणालो की आई, मिनलला टीव्हीचा आवाज सोसत नाही.

आईनं माझं वाक्य पुरं होऊ दिलं. मग विचारलं की पोरीला किती दिवस झाले घरात बसून.

मी चहाचे कप गोळा करायला लागलो, मिनल. माझ्या चेहऱ्यानं काय उत्तर दिलं असेल ते असेल. मग ती जे बोलली ते तसंच लिहितो. म्हणाली की त्या दिवशी तुझ्या डब्यातनं मिनल काय बोलली ते मला एक अक्षर कळलं न्हाई. शब्द कळायचे दिवस गेले. पण तिच्या मागं मिक्सर घुरघुरत हुता. त्याच्या मागं भंगारवाला कर्ण्यातनं वरडत हुता. भरदुपार. गुरुवार. अन् आपल्या घरात गुरुवारची सुट्टी कुणाची, तुझी. तिची न्हाई.

एवढी साधी गोष्ट! या पट्ट्यात कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, म्हणून जन्मल्यापासून माझा रविवार गुरुवारी येतो. बाबांचा यायचा, सगळ्या कॉलनीचा यायचा. मी घरी आहे म्हणजे जगाला सुट्टी आहे, असं माझं डोकं घडलेलं. तू गुरुवारी दुपारी बारा वाजता घरातून बोलतेस, मागे मिक्सर चाललाय, यात मला काही वावगं दिसलंच नाही. तुझी नोट मी चारदा ऐकली असती तरी दिसलं नसतं. मी शब्द ऐकत होतो.

म्हणाली की तुझा बाप कंपनीला टाळं लागल्यावर सोमवारी दुपारी पाट्यावर शेंगदाणे वाटत बसला हुता. नोकरीवाला माणूस सोमवारी चटणी वाटत न्हाई. मी दारातनंच वळखलं. चटणी खाल्ली तवा खात्री झाली, पोरगी मिक्सर बंद करायचं इसरती इतका येळ तिच्यापाशी हाय.

मग बॅग कसली, म्हणून विचारलं. तर म्हणे लेकीकडं जायची. पिंपरीला कशाला गेलीस? तर विहारात गुरुवारचं वाचन असतं, तिथल्या बायांना सांगायला, की सहा महिने येणार नाही. अंबुबाईनं खोली दाखवली म्हणून बघितली. दाखवली तर काय डोळे मिटू का, असं मलाच विचारलं. तिच्या डोक्यात हे सगळं पहिल्याच दिवशी ठरलेलं होतं. मला का नाही सांगितलं, तर म्हणाली की तू मनगट घेऊन बसला हुतास.

मग तिनं मला पेचात धरलं. विचारलं की मिनलचे शब्द काय होते. मी तुझ्या बाजूनं फार ओढाताण केली, पण तिच्या डोळ्यांपुढे टिकलो नाही. सांगितलं की ती म्हणाली, आईला आणू नकोस. मला वाटलं आता कोसळेल. तर हसली. दात नसलेलं, पोटातलं हसू. म्हणाली की तुझ्या बापानं बी तेच सांगितलं हुतं, सहा म्हैने माहेरी जा. गेले का मी?

मी तिला तू लिहिलेलं विचारलं, बाबांशी न बोलण्याचं. ते नको होतं विचारायला. पदराचं टोक नीट करत राहिली. मग म्हणाली की तवा काय बोलावं ते मला समजत नव्हतं. वाटायचं, बोलले तर त्यांना लागंल. तेवढंच म्हणाली, आणि भाजी निवडायला घेतली. मेथीची पानं सोडून देठं पातेल्यात टाकत होती.

आता तू सांग. तिला सगळं माहीत आहे, हे मी तुला सांगतोय ते तिला माहीत नाही. तू नको म्हणालीस तर मी इथे बाई ठेवीन, आणि आईला काय सांगायचं ते मी बघीन. तुझ्या दारात तुझ्या मनाविरुद्ध तिला उतरवणार नाही. पण दार कुणापासून लावतेयस, ते एकदा बघ.

लोभाचं काय लिहू, तो सगळा या कागदात आहे.

तुझा,
दादा


माण,
सोमवार, २४ नोव्हेंबर

ती. दादास,
जयभीम.

घेऊन ये. गुरुवारी आण. मी घरीच आहे.

मिनल


दिघी,
रविवार, ३० नोव्हेंबर

चि. मिनल हिस,
अ. उ. आ. आणि सप्रेम जयभीम.

माझी बॅग भरून झाली. आज रात्रीची गाडी आहे. आईशिवाय हे घर मोठं वाटतं, आणि दीड खोलीला मोठं वाटायचा काहीही अधिकार नाही.

गुरुवारी तू पाहिलं नाहीस, किंवा पाहिलंस आणि कळलं नाही, असं एक सांगायचं राहिलं म्हणून लिहितोय. तुझ्या टीव्हीची भोकं बाजूला आहेत, हात सहज जातो; त्या कंपनीत निदान एक तरी मायेचं माणूस आहे. एआरसी पहिल्या झटक्यात सापडलं. आई समोर बसून सगळं बघत होती. तू पोळ्या उरकून बाहेर आलीस, ओढणीला हात पुसलेस, आणि उभ्या उभ्या म्हणालीस की आई, माझी नोकरी गेली. फार हळू म्हणालीस. माझ्या हातातली वायर तिथंच राहिली.

आई म्हणाली, काय?

तू परत म्हणालीस, जरा मोठ्यानं. आईनं कानामागे हात धरला आणि म्हणाली की काय गेली? तेव्हा तू रडत होतीस आणि चिडलीही होतीस. तिसऱ्यांदा तू ज्या आवाजात ओरडलीस, तो तुमच्या चारही मजल्यांनी ऐकला असणार. निरंजन बिचारा खिडकी लावायला धावला. ओरडून झाल्यावर तू स्वतःच थांबलीस, इकडेतिकडे बघितलंस, आणि तुला हसू फुटलं. मग आई म्हणाली की गेली तर गेली, एवढं वरडायला काय झालं, जेवायला वाढ. आणि तू वाढलंस. आपण चौघं गुरुवारी दुपारी एका वेळी जेवलो. असं याआधी कधी झालं होतं, ते मी परतीच्या वाटेवर आठवत होतो, आठवलं नाही.

तर सांगायचं हे. खाली टेम्पोपाशी निरोप घेताना मी आईला म्हटलं की तुझं आता फारच झालंय, दोन हातांवरचं ऐकू येत नाही, यंत्र घाल. त्यावर तिनं जिन्याकडे बघून घेतलं, कुणी नाही याची खात्री केली, आणि म्हणाली की पहिल्यांदाच कळलं हुतं. तिचं तोंड दिसत हुतं की मला. मग तीनदा का वदवून घेतलंस? तर म्हणाली की तुझ्या बापानं एकदाबी तोंडानं म्हटलं न्हाई. तसंच घेऊन बसला. हिनं तीनदा म्हटलं. आता तिला कुठंबी म्हणता यील.

हे तिनं मला तुझ्यापासून लपवायला सांगितलंय. या कुटुंबात माझ्याकडे गुपित ठेवण्याची कल्पना कुणाला सुचते कोण जाणे.

बाकी तुझ्या मुलाखतीच्या वेळी कसं वागायचं, याचे नियम आईनं ठरवलेत: तू दार लावलंस की ती टीव्ही साठावर नेणार आहे, म्हणजे तुला वाटावं की तिला काही ऐकू येत नाही. तिला सांग की पलीकडच्या पोराला तुझंही ऐकू येणार नाही. त्यावर तुम्ही दोघी भांडा. मी पाचशे किलोमीटर लांब असेन.

टेम्पोत पट्टी आणि खोका गुंडाळायला दौलतरावांनी स्वतःची फौजेतली राखाडी घोंगडी दिली होती. मी मागितली नव्हती. जिन्यात आम्ही सामान उतरवत असताना ते काठी टेकत आले, घोंगडी पुढे केली आणि म्हणाले की दणका बसू देऊ नका, नाजूक माल आहे. त्या वेळी घाईत आभारही मानले नाहीत. आज सकाळी ती धुतली, गच्चीत वाळवली. मला त्यांच्यासारखी घडी येत नाही, तरी कडेला कडा लावून केली. खाली गेलो तर दार उघडं, ते खुर्चीत टीव्हीपुढे, आवाज अगदी बारीक. डोळे मिटलेले. झोपले होते की छताकडे कान लावून होते, सांगता येत नाही. घोंगडी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर ठेवली आणि दार ओढून घेतलं.

लोभ आता तुमच्याकडे मुक्कामाला आहे, त्याला जपा.

तुझा,
जयसिंगदादा